‘झीरो झीरो पन्नास’ला कोबाल्ट म्हणणारं यंत्र: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट २०२४

३ एप्रिल, कुपवाड एमआयडीसी

पलीकडच्या गल्लीतले फाउंड्रीवाले शेठ सकाळीच दारात. जर्मनीच्या गिऱ्हाइकानं कास्टिंगसोबत ‘रेडिएशन नाही’ असा दाखला मागितलाय. मोठ्या कारखान्यांत गेटवर दोन खांबांचा मॉनिटर असतो, भंगाराचा ट्रक त्यामधून जातो. शेठना तो परवडणारा नाही. “वजनकाट्याचा इंडिकेटर तुम्हीच दिला की मला, ताई. तसलंच कायतरी हातात धरायचं करून द्या.”

वजनकाटा आणि हे, दोन्हींत आकडा दिसतो, एवढंच साम्य. पण नाही म्हणवेना. गिऱ्हाइकाची मागणी फुकाची नाही हे मला माहीत आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० सापडलं, ते पोलाद भारतातून गेलेलं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं, आतल्या कोबाल्टनं एक जण गेला, बाकीचे भाजले. दोन्हीकडं माल वेळेवर कुणी तपासला नाही.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी विषय शोधतच होता. प्रोग्रॅम त्याचा, बाकी सगळं माझं, असं ठरलं.

५ एप्रिल

नुसती गायगर नळी लावली तर आठ दिवसांत यंत्र तयार होईल. पण नळी फक्त ‘काहीतरी आहे’ म्हणते. काय आहे ते कळत नाही, कारण तिला प्रत्येक गॅमा किरण सारखाच. किरण पडला की आतून चमकणाऱ्या क्रिस्टलचं तसं नाही. किरण जितक्या ऊर्जेचा तितका आत प्रकाश जास्त, म्हणून ओळख पटते: सीझियम-१३७ चा ठसा ६६२ केईव्हीवर (केईव्ही म्हणजे किरणाच्या ऊर्जेचं माप), कोबाल्ट-६० चे दोन, ११७३ आणि १३३२.

सोडियम आयोडाइड की सीझियम आयोडाइड यावर भाच्याशी तासभर वाद. सोडियमवाला जुना, भरवशाचा. पण हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि पिवळा पडतो. एकदा सील गेलं की संपलं. सांगलीचा जुलै ज्यानं पाहिलाय त्यानं तो घेऊ नये. सीझियम आयोडाइड घेतला, थॅलियम मिसळलेला, दोन सेंटिमीटरचा घन. त्याचा प्रकाश पिवळसर-हिरवा, तो टिपणाऱ्या सिलिकॉन सेन्सरला मानवतो. प्रकाश टिपायची काचेची फोटोमल्टिप्लायर नळी लागत नाही, म्हणजे यंत्र हातातून पडलं तरी रडायची वेळ नाही.

१६ एप्रिल

पहिला आलेख आला!

स्रोत म्हणून सासऱ्यांच्या माळ्यावरची गॅसबत्तीची जाळी. वरातीत डोक्यावर घेऊन चालायच्या त्या बत्त्या. जुन्या जाळ्यांत थोरियम असायचं, त्यामुळं उजेड पांढरा पडायचा. जाळी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून क्रिस्टलला टेकवली. एरवी सेकंदाला ३० च्या आसपास ठोके (एक ठोका म्हणजे टिपलेला एक किरण), ते २०० वर. दहा मिनिटांत २३९ आणि ५८३ वर दोन छान उंचवटे. खरा सीझियम स्रोत नियमांप्रमाणे परवानगी असलेल्या जागीच असतो, तो शेडमध्ये आणायचा प्रश्नच नाही. शेवटचं कॅलिब्रेशनही मान्यताप्राप्त लॅबमध्येच करून घ्यायचं. तोवर जाळीवर भागवू.

३० हा आकडा मुळात कमी. पायाखाली बेसाल्ट, त्यात युरेनियम-थोरियम फार नाही. ग्रॅनाइटच्या मुलखात हेच यंत्र जास्त बोलेल. म्हणजे ‘नेहमीचं किती’ हे यंत्रानं त्या त्या जागी स्वतः शिकायला हवं, मी ३० असं कोरून ठेवून चालणार नाही.

२२ एप्रिल

अलार्म किती उंच ठेवायचा? भाच्यानं पुस्तकातला तक्ता काढला: तीन सिग्मा. सिग्मा म्हणजे आकडा सरासरीभोवती एरवी किती हलतो ते. सरासरी ३० म्हणजे सिग्मा साडेपाच, म्हणून ४६ च्या वर गेलं की वाजव. दर बारा मिनिटांनी एक खोटा अलार्म येईल, असा त्याचा हिशेब. रात्रभर चालू ठेवलं. आलेले अलार्म मोजले तर दर सात-आठ मिनिटांनी एक.

बिचारा प्रोग्रॅममधला किडा शोधत बसला. किडा नव्हता. तक्ता घंटेच्या आकाराच्या वक्राचा, आणि हे ठोके पॉयसाँच्या वक्राचे, म्हणजे केव्हाही सुटे सुटे येणारे. त्याची उजवीकडची शेपटी जाड असते. सरासरी ३० वर हा फरक दुपटीच्या जवळ जातो. पाच सिग्मा ठेवले तर हाच हिशेब तीन दिवसांत एखाद्या खोट्या अलार्मवर येतो.

सात मिनिटांनी उगाच ओरडणारं यंत्र वॉचमन दुसऱ्याच दिवशी ड्रॉवरमध्ये टाकेल. माझा इंडिकेटर असाच एका गुऱ्हाळात पोत्याखाली सापडला होता. पाच सिग्मा.

२ मे

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

तासगाव रोडला ओळखीच्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षाची खरड छाटणी झालीय, पुढं काडी पिकवायला पालाश म्हणजे पोटॅश लागणार, म्हणून गोडाऊन ‘झीरो झीरो पन्नास’ या पालाशच्या खताच्या पोत्यांनी भरलेलं. पोटॅशियम म्हटलं की त्यात पोटॅशियम-४० आलंच. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ अणू फुटतात. २५ किलोच्या पोत्यात पोटॅशियम दहा किलोच्या वर, म्हणजे एका पोत्यात सेकंदाला ३ लाखांहून जास्त! त्यातल्या दहातल्या एकाचाच गॅमा निघतो, १४६१ केईव्हीचा. यात घाबरण्यासारखं काही नाही. केळ्यात, दुधात, आपल्या हाडामांसात तेच असतं. पण शेठच्या गेटवर कधी खताचा ट्रक वळण घेऊन गेला तर यंत्रानं काय म्हणावं, ते बघायला आम्ही गेलो होतो.

दुपारचे दोन. वर पत्रा. आत शिरलो तसा आकडा ३० वरून ११० वर. इथवर बरोबर. मग स्क्रीन लाल झाली आणि मोठ्या अक्षरांत आलं: ‘कोबाल्ट-६०. धोका.’

मालकांनी वाचलं. दोन हमालांनी वाचलं. एकानं खांद्यावरचं पोतं तिथंच टाकलं.

“ताई, दुकान बंद पाडायला आलाय का काय?”

मी हसून सांगितलं की यंत्र चुकतंय. पण लाल स्क्रीनपुढं माझ्या सांगण्याला काय किंमत? हमाल आत यायला तयार नाहीत. शेवटी त्यांच्यासमोर पोत्यावर बसून चहा घेतला, तेव्हा कुठं काम सुरू झालं. परत येताना भाचा गाडीत एक शब्द बोलला नाही.

३ मे

आलेख बघितला. १४६१ चा उंचवटा १३३० वर घसरलेला. घसरून थांबला कुठं, तर नेमका कोबाल्टच्या दारात.

कारण उष्णता. सिलिकॉन सेन्सर ज्या व्होल्टेजला जागा होतो ते व्होल्टेज दर अंशाला २१ मिलिव्होल्टच्या आसपास वर सरकतं. आम्ही सकाळी शेडमध्ये २७ अंशांवर जुळवलं होतं, गोडाऊनमध्ये ४१. चौदा अंशांचे झाले ३०० मिलिव्होल्ट. आम्ही त्याच्या वर देतो जेमतेम ३ व्होल्ट, त्यातला दहावा भाग गेला, म्हणजे प्रत्येक ठोका तेवढा बुटका. डेटाशीटमध्ये हे पहिल्याच पानावर आहे. मी वाचलंही होतं. एप्रिलच्या सकाळी वाचलेलं मे महिन्याच्या दुपारी आठवत नाही.

दुसरी चूक भाच्याची, आणि तीच जास्त मोठी. त्यानं एक उंचवटा जुळला की नाव जाहीर करायचं असं लिहिलं होतं. कोबाल्ट एकटं येत नाही, १३३२ सोबत ११७३ असायलाच हवा. एक साक्षीदार आला, दुसरा फिरकलाच नाही, तरी निकाल देऊन मोकळा.

४ ते ११ मे

सेन्सरच्या पाठीला तापमान टिपणारा थर्मिस्टर चिकटवला. तो सांगेल तसं व्होल्टेज वर-खाली. तपासायला थंडी आणि ऊन दोन्ही हवं. थंडीसाठी घरच्या फ्रिजमध्ये जाळीसकट डबा ठेवला, तर सासूबाई म्हणाल्या, “दुधाशेजारी ते नको.” बरोबरच आहे. शेडमधल्या सोल्डर पेस्टच्या फ्रिजमध्ये हलवला. उन्हासाठी गाडीचा डॅशबोर्ड. ६ अंशांपासून ५२ पर्यंत ५८३ चा उंचवटा आता दीड टक्क्याच्या आत राहतो.

७ ला मतदान, शेड बंद.

११ ला पुन्हा तासगाव रोड, मुद्दाम भर दुपारी. स्क्रीनवर ‘पोटॅशियम (खत?)’. मालकांनी हमालांना हाक मारून दाखवलं. तो प्रश्नार्थक चिन्हाचा कंस मी घालायला लावला. यंत्रानं थोडं नम्र असावं.

१८ मे

चार वाजता वळीव. गारांसकट. शेडच्या पत्र्यावर एकच कल्लोळ, आणि त्यात टेबलावरचं यंत्र वाजायला लागलं. सरासरी आकडा ३० वरून ४४, अधूनमधून एखादा सेकंद पाच सिग्माच्या पलीकडं.

भाच्याला वाटलं पाणी शिरलं. पाणी नव्हतं. जमिनीतून रेडॉन वायू सतत वर येतो, त्याची पिल्लं म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ हवेतल्या धुळीला चिकटून तरंगत असतात. पाऊस त्यांना एकदम धुऊन खाली आणतो. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, २७ आणि २० मिनिटं, म्हणून पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत सगळं पूर्ववत. सहाला आकडा ३२.

‘नेहमीचं किती’ हे यंत्र आता दर काही मिनिटांनी हळूच सरकवतं. हळू वाढलं तर पाऊस, झटकन वाढलं तर माल. यातही एक पळवाट राहते: झाकलेला स्रोत कुणी हळूहळू जवळ आणला तर यंत्र त्याला पाऊस समजेल. म्हणून सरकायला वरची मर्यादा घातली.

५ जून

हे लिहावं की नाही, विचार केला. ओळख पटणार नाही असं लिहिते.

ओळखीच्या एक बाई शेडमध्ये आल्या. दारात पाऊल टाकलं तेवढ्यात यंत्र किंचाळलं, चारशेच्या वर. भाच्यानं उत्साहात मोठ्यानं वाचलं, “आयोडीन-१३१! ३६४ वर एकदम बरोबर!” बाईंचा चेहरा उतरला. पंधरा दिवसांपूर्वी मिरजेत थायरॉइडचं औषध घेतलं होतं. “घरात सोडून कुणाला सांगितलं नव्हतं हो मी,” एवढंच म्हणाल्या.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. बोन स्कॅन, थायरॉइड, असे पेशंट रोज बसनं, रिक्षानं घरी जातात. आपल्या यंत्राला ते येता-जाता भेटणारच. आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवस, स्कॅनच्या टेक्नेशियमचं ६ तास, म्हणजे धोका आपोआप ओसरणारा. पण चार लोकांत यंत्रानं कुणाच्या आजाराचं नाव घ्यायचं काय कारण?

आजपासून दवाखान्यातल्या द्रव्यांची नावं पुढच्या स्क्रीनवर नाहीत. तिथं फक्त ‘थांबा, नोंद घ्या’. नाव आत, पासवर्डमागं. सगळंच लपवून चालत नाही, कारण आयोडीनची बाटली चोरीलाही जाऊ शकते. नोंद राहिली पाहिजे, ओरडा नको.

भाच्यानं बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. मी सांगितलं नव्हतं.

१९ जून

उलटी भीती. सौम्य स्रोताला ओरडणारं यंत्र प्रखर स्रोतापुढं काय करेल? खरा प्रखर स्रोत आणता येत नाही, म्हणून क्रिस्टल काढून सेन्सरसमोर एलईडी लुकलुकवला. सेकंदाला हजार, दहा हजार, पन्नास हजार, आकडा नीट चढत गेला. लाखाच्या पुढं ठोके एकमेकांवर चढले, यंत्राला त्यांची सीमाच कळेना, आणि आकडा उतरायला लागला. शेवटी स्क्रीनवर तासाला ०.४ मायक्रोसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणांचं माप), खाली हिरवा पट्टा.

दोघंही गप्प झालो. जिथं पळून जायला हवं तिथं ‘चालू द्या’ म्हणणारं यंत्र! जुन्या गायगर यंत्रांचा हा दोष माहीत होता, म्हणूनही नळी नको म्हटलं होतं मी. शहाणपण उघडं पडलं.

उपाय शोधायला लांब जावं लागलं नाही. ठोके मोजता आले नाहीत तरी सेन्सर ओढतो तो करंट खोटं बोलत नाही. प्रकाश वाढला की तो वाढतोच. करंट ठरलेल्या रेषेच्या वर गेला की आकड्याकडं न बघता ‘मागं फिरा’, आणि हाताने रद्द करेपर्यंत ते तसंच राहणार. शिवाय एक बारकी गायगर नळी दुसरा साक्षीदार म्हणून घातली. ज्या नळीला नाकं मुरडली तीच.

९ जुलै

फायर ब्रिगेडच्या साहेबांना यंत्र दाखवलं. शेठच्या ओळखीनं वेळ मिळाली. पाच बादल्या उपड्या घातल्या, एकीखाली जाळी, एकीखाली पालाशचा पुडा. एका तरुण फायरमननं दीड मिनिटात दोन्ही शोधल्या, पण हातमोजे काढून. मोजे घालून आमचं बटण दाबलंच जात नाही. आम्ही तीन महिने शेडमध्ये उघड्या हातांनी काम करत होतो, सुचलं नाही.

भाच्यानं आलेख, केईव्ही, सगळं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, पोरगं हुशार आहे. पण रात्री दोनला अपघात झालेल्या टेम्पोपाशी माझ्या माणसानं हे डोंगर बघायचे का? पुढं जायचं का मागं यायचं, एवढं सांगा.”

मग तिथंच बाकावर बसून ठरलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पहिल्या मदतनीसांसाठीच्या सूचनांत आतल्या दोरीची रेषा तासाला १०० मायक्रोसिव्हर्टवर आहे, आणि मोजायला काही नसेल तर उघड्या स्रोताभोवती आधी ३० मीटर मोकळं करायचं. म्हणून स्क्रीनवर तीनच गोष्टी: ‘चालू द्या’, ‘थांबा, कळवा’, आणि १०० च्या वर ‘मागं फिरा’. आलेख आहे, पण दुसऱ्या पानावर. ‘धोका’ हा शब्द काढून टाकला. गोडाऊनमध्ये त्या शब्दानं पोतं खाली पाडलं, दुसरं काही केलं नाही.

एक फायरमन म्हणाला, ऑस्ट्रेलियात हरवलेली गोळी सापडली म्हणे, तसं हे शोधेल का? २०२३ च्या जानेवारीतली ती सीझियमची कॅप्सूल, ६ मिलिमीटर बाय ८, १४०० किलोमीटरच्या रस्त्यावर पडलेली. ताशी ७० नं जाणाऱ्या गाडीतल्या उपकरणानं टिपली. त्यांचं उपकरण आमच्या घनाच्या कैक पटींनी मोठं असणार. आमचं हातातलं, चालत शोधायचं. अंतर दुप्पट झालं की हाती चौथाईच लागतं. नाही म्हणून सांगितलं. साहेबांना ते आवडलं असावं, त्यांनी पुढच्या कवायतीला बोलावलं.

२६ जुलै

कवायत रद्द. आयर्विन पुलाखाली पाणी चढतंय, सगळ्या बोटी आणि माणसं नदीकाठी. २०१९ आठवलं की कुणालाच दुसरं काही सुचत नाही. आम्हीही खालच्या रॅकवरचा माल वर चढवला. यंत्र प्लास्टिकच्या डब्यात.

बटण बदललं. आता अंगठ्याएवढं, ओल्या मोज्यानंही दाबतं.

१२ ऑगस्ट

लॅबमधून कॅलिब्रेशनचा कागद आला. सीझियमवर आमचा आकडा ८ टक्के जास्त दाखवत होता, दुरुस्त केला.

पहिलं यंत्र शेठच्या गेटवर. वॉचमन काकांना शिकवायला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं ट्रकभोवती कसं चालायचं यात. पावलं सावकाश, यंत्र पत्र्यापासून वीतभर, चारी बाजू, आणि शेवटी ड्रायव्हरच्या केबिनजवळ. तिथं वाजलं तर आधी त्याला मिरजेला गेला होता का ते बाजूला घेऊन विचारायचं, ओरडायचं नाही. शिशाचं जड भांडं किंवा रेडिएशनची तीन पात्यांची खूण दिसली तर यंत्र गप्प असलं तरी हात लावायचा नाही, कारण शिसं किरणं अडवतं.

२० ऑगस्ट

गेटवर चक्कर मारली. टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या कांड्यांचा एक खोका भंगारात आला होता, त्यावर ‘थांबा, कळवा’ आलं. त्या कांड्यांत २ टक्के थोरियम असतं. काकांनी खोका बाजूला ठेवून फोन केला होता. अगदी बरोबर केलं.

त्यांनी स्वतःहून वही घातलीय. तारीख, ट्रक नंबर, माल, आणि यंत्र काय म्हणालं. अक्षर सुरेख. सतरा ट्रक, सोळांपुढं ‘चालू द्या’. दुपारच्या तापमानाचा रकाना मी आखून दिला होता, तो मात्र सगळा कोरा. उद्या एक साधा थर्मामीटर केबिनच्या खिळ्याला अडकवून यायचं.